हात लावलेला घोडा: सोलापुरातल्या एका बुद्धिबळ क्लासमधलं प्रकरण

बुद्धिबळ खेळला की पोरगं शांत होतं, हरायला शिकतं, दुसऱ्याचा विचार करायला लागतं, असं प्रत्येक क्लासच्या पॅम्फ्लेटवर छापलेलं असतं. आमच्या पण आहे. हे प्रकरण बरोबर त्याच्या उलट आहे, म्हणजे बुद्धिबळ चांगलं खेळणाऱ्या, चार वर्षं क्लासला येणाऱ्या एका मुलानं भर स्पर्धेत खोटं बोलून डाव जिंकला आणि मग आम्हा मोठ्या माणसांची पळापळ झाली. सगळी नावं बदललीत, गाव आणि वयं थोडी इकडंतिकडं केलीत. लिहायला मुलाची आणि घरच्यांची परवानगी घेतलीय. मी क्लासमध्ये शिकवत नाही, पालकांचे फोन, एंट्री, पेअरिंग (कोणी कोणाशी खेळायचं ते) हे बघते, त्यामुळं यातलं बरंचसं समोर घडलेलं आहे आणि थोडं नंतर कळलेलं.

पार्श्वभूमी

मुलाला श्रीनि म्हणूया. बारा वर्षांचा, राहायला पूर्व भागात, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. खेळ शिकवला आजोबांनी, म्हणजे त्याच्या तातांनी. ताता आयुष्यभर यंत्रमागावर होते आणि त्यांचं बुद्धिबळ जुनं देशी, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाणार, कॅसलिंग (एकाच चालीत राजा दोन घरं सरकवून हत्ती त्याच्या पलीकडं आणायचा) वगैरे काही नाही, राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा. क्लासला आला तेव्हा हे सगळं विसरायला त्याला सहा महिने लागले. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. पगार बेताचा, पण मुलाच्या चेसला कधी नाही म्हटलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते कारण पुढं त्यांच्याबद्दल दोन शब्द कडक येणार आहेत.

मे महिन्यात पप्पांनी त्याला पुण्याला रेटिंग स्पर्धेला नेलं. एंट्री फी, लॉजचं भाडं, चार दिवसांचा खाडा, सगळं मिळून महिन्याचं गणित कोलमडलं आणि वर पोरगं आपटलं, पासष्ट-सत्तर पॉइंट घालवून आलं. ज्यांना रेटिंगचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा. तो किती जोरात वरखाली होणार हे के-फॅक्टरवर ठरतं आणि अठरा वर्षांखालच्या मुलांचा के-फॅक्टर ४० असतो, म्हणजे आपल्याच रेटिंगच्या मुलाशी हरलं की २० पॉइंट जातात आणि आपल्यापेक्षा १८०-१८५ नं खाली असलेल्याशी हरलं तर जवळजवळ ३०. शिवाय मार्च २०२४ पासून फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, रेटिंगची खालची मर्यादा १००० वरून १४०० केलीय, तेव्हा साडेचौदाशेच्या आसपासच्या मुलांचे पालक सारखे धास्तावलेले असतात, की आता पोराचं नाव यादीतूनच जातंय काय. मुलाचा आकडा दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो आणि आमच्याकडं एक तारखेला सकाळी सकाळी फोन सुरू होतात. मुलांचे नाही, पालकांचे.

श्रीनि हरला की काय व्हायचं ते क्लासला माहीत होतं. जिंकला तर येताना पार्कजवळच्या गाड्यांवर काहीतरी खाणं, हरला तर गाडीवर मागं बसून घरापर्यंत पप्पा एक शब्द बोलणार नाहीत. मारणं नाही, ओरडणं नाही, फक्त गप्प. सई म्हणून एक मुलगी आहे क्लासमध्ये, ती एकदा त्यांच्याच गाडीवरून ट्रिपल सीट आली होती, ती म्हणाली, "मॅडम, त्याच्यापेक्षा माझी आई ओरडते ते बरंय."

२०२५ च्या जूनमध्ये नॉर्वेतल्या स्पर्धेत आपल्या गुकेशनं मॅग्नस कार्लसनला हरवलं आणि कार्लसननं टेबलावर मूठ आपटली, तो व्हिडिओ सगळ्या पोरांनी बघितला आणि पुढचे पंधरा दिवस क्लासमध्ये जो हरेल तो टेबल आपटायलाय. सरांनी शेवटी तोच व्हिडिओ पुढंपर्यंत दाखवला, की बाबांनो, त्यानं लगेच हात मिळवून सॉरी पण म्हटलंय आणि जाता जाता गुकेशच्या पाठीवर थापही दिलीय, ते कोण करणार? बाकीच्यांचं आपटणं थांबलं. श्रीनिचं नाही.

नेमकं काय झालं

ऑगस्टमधला रविवार, शहरातलंच एक मंगल कार्यालय. एक दिवसाची रॅपिड स्पर्धा, पंधरा मिनिटं अधिक दर चालीला पाच सेकंद, सात राऊंड. रेटिंग नव्हतं, फक्त ट्रॉफ्या आणि पाकिटं. दिव्या देशमुखनं जुलैच्या शेवटी जॉर्जियातल्या बातुमीत महिलांचा वर्ल्ड कप जिंकला होता, त्यामुळं लहान पोरींची एंट्री त्या वर्षी डोळ्यांत भरण्यासारखी होती. पाचव्या राऊंडला श्रीनिसमोर मनू आली. नऊ वर्षांची, मोहोळकडची, मामाबरोबर सकाळच्या एसटीनं आलेली.

श्रीनि पांढरा. डाव असा होता (घरांची नावं अशी की उभ्या ओळी डावीकडून ए ते एच आणि आडव्या पांढऱ्याकडून १ ते ८): पांढऱ्याचा राजा कॅसल करून जी१ वर, शेजारी एफ१ वर हत्ती, पुढची तीन प्यादी जागच्या जागी. काळा वजीर डी६ वर, त्याच्या मागं सी७ वर उंट आणि मधला तिरका रस्ता साफ मोकळा. म्हणजे एच२ वर वजीर पडला की मात. राखणदार एकच, एफ३ वरचा घोडा. श्रीनिच्या डोक्यात मात्र स्वतःचाच हल्ला, घोडा जी५ वर न्यायचा आणि एच७ वर चढाई. त्यानं घोडा उचलला. आता ज्या मोहऱ्याला हात लावला तेच हलवायचं, असा नियम. पुरता उचलला, टेबलापासून बोटभर वर, आणि मग त्याला एच२ दिसलं. घोडा खाली ठेवला, घराच्या मधोमध सरकवला आणि वर पंख्याकडं बघत बसला.

मनूनं जे केलं ते नऊ वर्षांच्या मुलीच्या मानानं फार शहाणपणाचं होतं. तिनं स्वतःच्या मोहऱ्याला हात लावला नाही, घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. हा बारकावा मोठ्यांनाही माहीत नसतो, समोरच्यानं हात लावल्याची तक्रार करायची असेल तर आपण आपलं मोहरं हलवायला हात घालायच्या आधी करायची, एकदा हात घातला की तक्रारीचा हक्क गेला. पंच आले. ती म्हणाली, घोडा उचलला. श्रीनि म्हणाला, "नाही सर, ॲडजस्ट केला." नियमाप्रमाणं नीट ठेवायचं असेल तर आधी तसं बोलावं लागतं, तर ती म्हणाली की हा बोललाच नाही, आणि हा म्हणाला, बोललो, हळू बोललो. रॅपिडमध्ये चाली लिहायची सक्ती नसते, कॅमेरा नाही, पंच दोन आणि पटं साठ. पंच म्हणाले, मी बघितलं नाही, खेळा पुढं.

श्रीनिनं प्यादं जी३ केलं, मात व्हायचा धोका संपला. मनूचे डोळे भरलेले, चार-पाच चालींत तिचा उंट फुकट गेला आणि मग डावच गेला. तिनं हात मिळवला, निकालाच्या कागदावर सही केली आणि मामाकडं गेली. मामा पंचांशी थोडे तावातावानं बोलले, पण सही झालेली.

शेजारच्या पटावर सई खेळत होती. तिनं सगळं बघितलं होतं. पण दुसऱ्याच्या डावात खेळाडूनं बोलायचं नाही हाही नियमच आहे, पंचांनी विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. त्यांनी विचारलं नाही, ती बोलली नाही. संध्याकाळी कार्यालयाच्या बाहेर तिनं सरांना बाजूला घेऊन सांगितलं. तोपर्यंत श्रीनि तेरा वर्षांखालच्यात पाचवा आला होता, ट्रॉफी आणि पाचशेचं पाकीट घेतलं होतं आणि पप्पांच्या स्टेटसला फोटो चढला होता, खाली "माय टायगर".

समोर कुठले रस्ते होते

त्या रात्री सर आणि मी फोनवर बराच वेळ बोललो. पहिला रस्ता अर्थातच गप्प बसायचा. मुलं आहेत, लोकल स्पर्धा आहे, रेटिंगला काही नाही. सरांना तो मान्य नव्हता, मलाही नव्हता, पण तो सगळ्यात सोपा होता आणि बहुतेक ठिकाणी तोच घेतला जातो हेही खरंय.

दुसरा म्हणजे क्लाससमोर उभं करून विचारायचं, किंवा सरळ एक महिना काढून टाकायचं. यात धडा बसतो असं लोकांना वाटतं. मला विचाराल तर यात मूल एवढंच शिकतं की पुढच्या वेळी शेजारच्या पटावर आपल्या क्लासचं कोणी नाही हे आधी बघून घ्यायचं.

तिसरा, आयोजकांना कळवायचं. चौथा, आधी पप्पांना सांगायचं. पाचवा, आधी मुलाशी एकट्याशी बोलायचं आणि बाकीचं नंतर ठरवायचं.

आयोजकांना सरांनी दुसऱ्या दिवशी फोन केला, नाव न घेता. ते म्हणाले सह्या झाल्या, बक्षिसं वाटली, आता काही बदलत नाही. हे बरोबरच होतं, पण त्यामुळं एक गोष्ट लक्षात आली की नुकसान एकट्या मनूचं नव्हतं, सहाव्या नंबरवर जो कोणी पोरगा होता त्याचं पण पाकीट गेलं होतं आणि त्याला तर कधी कळणारही नव्हतं.

घोळ झाला तो चौथ्या-पाचव्यात. आधी पप्पा की आधी मुलगा? सरांचं म्हणणं, पप्पांना सांगितलं तर गाडीवरची ती गप्प बसायची शिक्षा महिनाभर चालेल आणि मुलगा खोटं लपवायला आणखी पक्का होईल. माझं म्हणणं होतं की बारा वर्षांच्या मुलाबद्दलची एवढी मोठी गोष्ट घरच्यांना न सांगता आपण हाताळायची हे आपल्या अधिकारात बसतच नाही. सरांचं मत चाललं, क्लास त्यांचा आहे.

बोलता बोलता सरांनी १९९४ चं लिनारेस काढलं, म्हणजे स्पेनमधली मोठी स्पर्धा. कास्पारोव्ह विरुद्ध जुडिट पोल्गार. कास्पारोव्हनं घोडा एका घरात ठेवला, क्षणभर बोटं सुटली आणि मग विचार बदलून त्यानं तो दुसरीकडं ठेवला. पोल्गार तेव्हा १७ वर्षांची, एवढ्या मोठ्या स्पर्धेत नवखी, समोर जगज्जेता, ती काही बोलली नाही. नंतर टीव्हीच्या चित्रीकरणात बोटं सुटल्याचं दिसलं, पण निकाल कास्पारोव्हच्याच नावावर राहिला. मी सरांना म्हटलं, तिला जे जमलं नाही ते आपल्या मोहोळच्या पोरीनं केलं आणि तरी तिला न्याय मिळाला नाही, हे जास्त वाईट आहे.

काय केलं

मंगळवारी बॅच सुटल्यावर सरांनी श्रीनिला थांबवून घेतलं. "तू हात लावलास का?" हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. हा मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो, कारण तो प्रश्न विचारला की मुलाला परत एकदा खोटं बोलायची संधी दिल्यासारखं होतं आणि दुसऱ्यांदा बोललेलं खोटं पहिल्यापेक्षा पक्कं बसतं. सरांनी पट मांडला, तीच पोझिशन, आणि म्हणाले, "काळ्याकडून बस."

श्रीनि बसला.

"आता तू मनू. तुझं काय चाललंय डोक्यात?"

"एच२ वर मात."

"कधीपासून?"

"बी८... नाही, उंट सी७ ला आणला तेव्हापासून."

"मग तू कशाची वाट बघायलीस?"

तो जरा गप्प झाला. "घोडा हलायची."

"हलला?"

पुढचं मी शब्दाला शब्द लिहीत नाही. रडला, मग म्हणाला, हलवला असता तर मात होती सर, मी हरलो असतो, पप्पा... आणि तिथंच थांबला. सर म्हणाले, ठीक आहे, आता परत पांढऱ्याकडून बस आणि घोड्याला हात लागलाय असं समज. घोडाच हलवायचा. बघ काय होतंय. पाच मिनिटं तो त्या पटाकडं बघत होता. जी५, मात. डी४, मात. एच४, मात. ई१, मात. डी२, मात. आणि मग ई५. घोडा ई५ वर आणला की वजिराचा रस्ता बंद होतो. राखायला कोणी नाही, घोडा फुकट जाणार, पण मात नाही, वजिरानं मारला की जी३ करायचं आणि एक मोहरं कमी घेऊन लढत बसायचं.

म्हणजे खरं बोलला असता तर डाव नाही, फक्त घोडा गेला असता. हे त्याला कोणी सांगितलं नाही, त्यानं स्वतः शोधलं आणि मला वाटतं त्याचा परिणाम कुठल्याही लेक्चरपेक्षा जास्त झाला. घाबरलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा समोर फक्त मात दिसत असते, ई५ दिसायला थोडं थांबावं लागतं आणि त्या मुलाला थांबायची सवयच नव्हती.

त्याला आणखी एक वाटत होतं, की एवढी सोपी मात आपल्याला दिसली नाही म्हणजे आपण ढ. सरांनी त्याला क्रामनिकचा डाव दाखवला, २००६, बॉनमध्ये डीप फ्रिट्झ या कॉम्प्युटरशी. जगज्जेता माणूस, एका चालीची मात सोडून वजीर भलतीकडं नेला आणि कॉम्प्युटरनं एच७ वर मात दिली. श्रीनिनं तो तीनदा लावून बघितला. हसला पण.

मग पुढं काय करायचं ते त्याच्यावर सोडलं. तो म्हणाला, मनूला फोन करतो. आयोजकांकडून मामांचा नंबर घेतला, आधी मी बोलले, मग स्पीकरवर श्रीनि. मामा तापलेलेच होते, "आता काय उपयोग हाय त्याचा? पोरगी बसस्टँडपर्यंत रडत आली." ते बरोबरच होतं, श्रीनिनं मुकाट्यानं ऐकून घेतलं. मग मनूनं फोन घेतला. याचं सॉरी बोलून झालं तर ती म्हणते, "दादा, तुला ई५ होता की. मी एसटीत बघितला."

बस, एवढंच. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही आणि तिनं म्हणावं अशी कोणाची अपेक्षाही असू नये.

मध्येच काय बिघडलं

पाचशेचं पाकीट घरी देव्हाऱ्यात ठेवलेलं होतं. ते परत करायचं तर पप्पांना सांगणं आलंच. सरांनी श्रीनिला सांगितलं, तू तुझ्या सवडीनं सांग. ही सवड काही येईना. गणपती आले, गेले. आणि एक दिवस सईच्या आईच्या तोंडून श्रीनिच्या आईला कळलं, रेशन दुकानाच्या लाइनीत, चार बायकांच्या देखत.

दुसऱ्या दिवशी पप्पा क्लासवर. "सर, माझ्या पोराला चोर ठरवलं तुम्ही आणि मलाच माहीत नाही? परक्या माणसाला फोन लावून माफी मागायला लावली?" सर समजावत होते, पप्पा ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. "समोरच्याला सिद्ध करता आलं नाही म्हणजे विषय संपला. धंद्यात काय सगळे खरं बोलतेत?" श्रीनिची वही-पट उचलला आणि गेले. महिनाभर मुलगा आला नाही.

त्या दिवशी पप्पा बरंच काही चुकीचं बोलले, पण न सांगण्याबद्दलचा त्यांचा राग शंभर टक्के बरोबर होता.

दुसरं बिघडलं ते सईचं, आणि त्याकडं सुरुवातीला कोणाचंच लक्ष नव्हतं. क्लासमधली पोरं तिला चुगलीखोर म्हणायला लागली. तिच्यासमोर कोणी बसेना. मुलीनं नियम पाळून डावात तोंड उघडलं नाही, नंतर योग्य माणसाला एकट्याला सांगितलं, सगळं बरोबर केलं आणि शिक्षा तिला. सरांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी जाहीर काही न बोलता तिला ज्युनियर बॅचची पंच करून टाकलं. पोरांना पंच लागतोच, मग बोलणं भाग पडतं. हळूहळू निवळलं. पण तिची आई अजूनही म्हणते की पुढच्या वेळी माझी पोरगी काही बघणार नाही.

गाडं पुढं सरकलं ते तातांमुळं. नवरात्राच्या आधी एका सकाळी ताता रिक्षानं एकटेच क्लासवर आले, खिशातून ते पाकीट काढून टेबलावर ठेवलं, पाचशेची नोट तशीच. म्हणाले, मागावर धागा तुटलेला दिसला की माग तिथंच थांबवायचा, मालक ओरडला तरी, नाहीतर सगळ्या कापडात पट्टा पडतो आणि मग तो माल कोणी घेत नाही. मुलाला पण हेच बोललो, म्हणाले. मुलगा म्हणजे पप्पा. दोघांत काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

दसरा झाल्यावर श्रीनि परत आला. पप्पा सोबत होते, अवघडलेले. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की गाडीवर गप्प राहतो ते रागावून नाही, पुण्याला जाताना कारखान्यातून उचल घेतली होती आणि हरला की तेच डोक्यात फिरतं, बोललो तर पैशाचंच बोलेन म्हणून बोलत नाही. मुलाला हे कधीच माहीत नव्हतं. चार वर्षं पटापलीकडच्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे ओळखायला शिकणारं पोरगं, आणि गाडीवर हातभर पुढं बसलेल्या माणसाचं त्याला काही कळलं नव्हतं.

इथं मला त्या पॅम्फ्लेटबद्दल बोलायचंय. बुद्धिबळ दुसऱ्याचा विचार करायला शिकवतं हे खरंय, पण कशासाठी? त्याचा बेत मोडण्यासाठी. मनू काय वाट बघतेय हे श्रीनिला उत्तम कळलं होतं, म्हणूनच त्यानं घोडा खाली ठेवला. समोरच्याच्या मनात शिरता येणं आणि समोरच्याचं काही वाटणं यात फरक आहे, पहिलं पट शिकवतो, दुसरं नाही. दुसरं शिकवायचं झालं तर डाव संपल्यावर माणसं लागतात.

निकाल

आता क्लासमध्ये प्रत्येक डाव संपला की दोघांनी मिळून तो परत लावायचा, दहा मिनिटं, आणि जिंकणाऱ्यानं आधी सांगायचं की समोरच्याची कुठली चाल बघून तो घाबरला होता. मोठे खेळाडू हे कायम करतात, नवीन काही नाही, पण मुलांच्या बॅचला वेळ नाही म्हणून आम्ही ते गाळत होतो. पोरं सुरुवातीला लाजायची. आता तर जिंकलेला सांगतोय आणि हरलेला फुशारतोय असं पण दिसतं.

हात मांडीखाली ठेवून विचार करायचा हे सरांनी श्रीनिला वेगळं लावून दिलं. पूर्वी मास्तर लोक सांगायचे, चाल आधी लिही, मग बघ, मग खेळ, पण आता नियमानं आधी लिहिता येत नाही, आधी खेळायची आणि मग लिहायची. त्यामुळं हातावर बसणं हाच उपाय.

श्रीनि बदलला का? डिसेंबरमध्ये स्पर्धा होती. तिसऱ्या राऊंडला परत चुकीच्या मोहऱ्याला हात गेला, हत्ती होता. या वेळी त्यानं निमूट हत्ती हलवला आणि हरला. मग बाहेर येऊन खुर्चीला लाथ मारली आणि पंचांची ताकीद खाल्ली. तर असं आहे. रेटिंग अजून चौदाशे-साडेचौदाशेतच लटकतंय. पप्पा आता गाडीवर बोलतात, श्रीनि म्हणतो जरा जास्तच बोलतात, सगळा डाव विचारतात आणि त्यांना कळत काहीच नाही.

मनूशी परत गाठ पडलेली नाही. पाचशेचं पाकीट आयोजकांनी घेतलं नाही, ते क्लासच्या कपाटात आहे आणि त्याचं काय करायचं यावर एकमत नाही. श्रीनिचं म्हणणं मनूला द्यावं, सईचं म्हणणं सहाव्या नंबरच्या पोराला शोधावं. मला सईचं पटतं, पण तो कोण हे शोधायला गेलं तर श्रीनिचं नाव सगळीकडं होणार, म्हणून सर अडून आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

पप्पांना त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. मुलाशी आधी बोलणं बरोबर, पण मग दोन दिवसांत मुलाला सोबत घेऊन घरी जायचं, त्याच्या सवडीवर सोडायचं नाही. बारा वर्षांच्या पोराला अशी सवड कधीच मिळत नसते. सर आता हे मान्य करतात, तरी म्हणतात की ते पप्पा ऑगस्टमध्ये वेगळेच वागले असते. असेलही.

फोन करायच्या आधी मनूला तो हवाय का हे विचारायला हवं होतं. मी मामांशी बोलले ते फक्त कोण बोलतंय हे सांगायला. माफी मागणाऱ्याला हलकं वाटतं, ऐकणाऱ्याला तो रविवार परत आठवतो, याचा विचार त्या दिवशी कमी पडला.

सईचं नाव फुटणारच होतं हे गृहीत धरून तिच्या आईशी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं.

पंचांनी शेजारच्या दोन पटांवर नुसतं विचारलं असतं, "कोणी बघितलं का?", तर सई बोलली असती आणि हे सगळं तिथल्या तिथं, एका घोड्यावर मिटलं असतं. साठ पटांना दोन पंच असताना त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आणि मनूच्या मामांना हे कोणीतरी सांगायला हवं होतं की पंचांचा निर्णय पटला नाही तर मुख्य पंचांकडं दाद मागता येते, पण डाव चालू असताना, सही व्हायच्या आधी. शहरातल्या क्लासच्या पोरांना हे माहीत असतं, तालुक्याच्या गावावरून मामाबरोबर आलेल्या पोरीला कोण सांगणार? स्पर्धेच्या सुरुवातीला पाच मिनिटं माइकवर मराठीतून सांगितलं तरी पुरे. सत्काराला तासभर जातोच.

आम्ही आयोजकांना तसं पत्र दिलंय, शिवाय तेरा वर्षांखालच्या पटांमागं दर दहा पटांना एक मोठं माणूस उभं करा असंही लिहिलंय. त्यांनी हो म्हटलंय, माणसं मात्र क्लासेसनी द्यायची. आमच्याकडून यादीत सईची आई आहे, आधी नाही म्हणत होती, मग तयार झाली. श्रीनिच्या पप्पांना विचारलं तर म्हणाले, शिफ्ट बघून सांगतो.